सहा वॉशर आणि दोन दात

"चार दिवसांत हा नळ गप्प बसला नाही, तर माझी बी.एस्सी.ची डिग्री मी स्वतःच्या हाताने रद्दीत घालीन!"

सूनबाईने ही घोषणा केली ती न्हाणीघराच्या दारात उभं राहून. एका काखेत नऊ महिन्यांचं ओलं बाळ, दुसऱ्या हातात बादली. बादलीत बाळाच्या अंघोळीचं पाणी, आणि पाण्यावर ऐटीत तरंगणारा निळा चुरा!

चुरा सासऱ्यांच्या चपलेचा होता.

आता सासऱ्यांची चप्पल नातवाच्या बादलीत कशी आली, ते सांगायला हवं. सासरेबुवांनी चौतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात फिटर म्हणून काढलेली. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण पाना काही सुटला नाही. घरातला प्रत्येक स्क्रू, प्रत्येक बिजागरी, प्रत्येक नळ त्यांच्या हाताखाली नोकरीला असल्यासारखा. त्यांच्यापाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. त्यात सायकलच्या ट्यूबचे तुकडे, औषधाच्या बाटल्यांची रबरी बुचं, टायरच्या पट्ट्या आणि निवृत्त चपलांचे तळवे. वॉशर विकत आणणं म्हणजे त्यांच्या लेखी माणसाने विकत श्वास घेण्यासारखं होतं. वॉशर कापायचा असतो! दोन आठवड्यांपूर्वी गरम पाण्याचा नळ गळायला लागला, तेव्हा त्यांनी डब्यातून निळा तळवा काढला, कात्रीने गोल फिरवला, मधे भोक पाडलं आणि बसवून टाकला. आठ दिवस बरे गेले. मग गरम पाण्याने त्या चपलेचा भुगा केला.

"बाबा, हे बाळाच्या पोटात गेलं असतं तर?"

"अगं, त्या चपलेने मी सतरा वर्षं काढली. मला काही झालं का?"

"तुम्ही ती पायात घालत होतात, बाबा! खात नव्हतात!"

सासूबाईंनी स्वयंपाकघरातून हसू दाबल्याचा आवाज केला.

खरं दुखणं चुऱ्याचं होतंच, पण त्याहून मोठं दुखणं होतं ते टपटपीचं. बाळाचा पाळणा न्हाणीघराच्या भिंतीला लागून. दुपारी बाळ झोपलं की पलीकडे 'टप्' व्हायचं. बाळाची पापणी हलायची. पुन्हा 'टप्'. भुवई वर. सूनबाईने मोजून ठेवलं होतं, अकराव्या थेंबाला डोळे टक्क उघडतात! बादली काढून बघितली, खाली फडकं ठेवून बघितलं, नळाला दोरी बांधून थेंब दोरीवरून उतरवून बघितला. थेंब दोरीवरून उतरेनात, बाळ झोपेना आणि बाळ झोपत नाही म्हणून त्याच्या आईला डोळा लागेना.

"प्लंबरला बोलावू का?" नवऱ्याने एकदा धाडस करून विचारलं होतं.

"माझ्या घरात प्लंबर?" सासरेबुवा गरजले. "मी गेल्यावर बोलवा!"

तेव्हा आता सूत्रं सूनबाईने हातात घेतली. रसायनशास्त्राची पदवीधर, त्यातून पहिलटकरीण! बाळाच्या दुपट्याच्या धाग्यापासून पावडरच्या डब्यावरच्या बारीक अक्षरांपर्यंत सगळं वाचणारी. तिची एक वही होती. बाळ किती वाजता झोपलं, किती प्यालं, किती वेळा शिंकलं, सगळं त्यात. त्याच वहीत मागच्या बाजूने तिने नवं पान उघडलं आणि मथळा लिहिला, 'योग्य मटेरियल'.

बाळाला सासूबाईंकडे सोपवून ती थेट कारखान्यांना रबरी माल पुरवणाऱ्या दुकानात गेली. दुकानदार डुलकी काढत होता.

"गरम पाण्याच्या नळासाठी वॉशर हवाय."

त्याने एक काळा वॉशर काउंटरवर टाकला.

"कशाचा आहे?"

"रबराचा."

"हो, पण कुठल्या रबराचा?"

"काळ्या."

सूनबाईने मग त्याला समजावलं की रबर म्हणजे एक घराणं असतं, त्यात कुणाला तेल सोसत नाही, कुणाला ऊन, कुणाला गरम पाणी. दुकानदाराची झोप उडाली. तिने यादी वाचली, "नैसर्गिक रबर, नायट्राइल, निओप्रीन, ईपीडीएम आणि सिलिकॉन."

"ताई, कुठला पंप आहे तुमचा? किती हॉर्सपॉवर?"

"पंप नाही हो. बाळाची अंघोळ आहे."

दुकानदाराने तिच्याकडे बघितलं, मग शिडी लावली. अर्ध्या तासाने काउंटरवर पाच पुड्या होत्या. सहावा वॉशर त्याने स्वतःहून घातला. "हा कशाचा आहे ते मलाही माहीत नाही, ताई. पण माझ्या घरच्या नळाला हाच आहे."

गंमत म्हणजे सहाच्या सहा काळे! सिलिकॉनसुद्धा काळं! सहा जुळी भावंडं शेजारी बसावीत तसे. म्हणून घरी आल्याबरोबर सूनबाईने प्रत्येकाच्या भोकातून वेगळ्या रंगाचा धागा ओवला आणि ओट्यावर सहा वाट्या मांडल्या. पहिल्या दिवशी कढत पाणी, दुसऱ्या दिवशी साबणाचं पाणी, तिसऱ्या दिवशी शिलाई मशीनचं तेल. दर दोन तासांनी पट्टी लावून जाडी, नाक लावून वास, बोटाने दाबून मऊपणा आणि सगळं वहीत.

घरात प्रयोगशाळा सुरू झाली म्हणताच सगळ्यांनाच कंठ फुटला.

"सहा वाट्या अडकल्या," सासूबाई म्हणाल्या. "आज भाजी काय ओंजळीत वाढू?"

"आपण रबर उकळून खाणार आहोत का?" नवऱ्याने झाकण उचलून विचारलं.

सासरेबुवा मात्र लांब उभे होते. हाताची घडी, मान तिरपी. अपमान झालेल्या सेनापतीसारखे.

"आमच्या कारखान्यात वॉशर असा उकळत बसलो असतो," ते म्हणाले, "तर जगातले सगळे पंप आजही गळत असते!"

"मग कसं ओळखायचात, बाबा?"

"ओळखायचो." त्यांनी मिशीवर बोट फिरवलं. "ते हातात असतं. सांगून येत नाही. चालू द्या तुमचं. मी त्या वाट्यांना हातसुद्धा लावणार नाही!"

आणि खरंच, तीन दिवस ते ओट्याच्या बाजूला फिरकले नाहीत. पाणी प्यायला जातानाही मान दुसरीकडे वळवून जायचे. एकदा भिंतीवर आपटलेसुद्धा!

चौथा दिवस उजाडला. वहीतला तक्ता जवळजवळ भरला होता. संध्याकाळी निकाल! सूनबाईला रात्रीपासूनच विद्यापीठाने बोलावल्यासारखं वाटत होतं. दुपारची जेवणं झाली, बाळ अकराव्या थेंबाला नेहमीसारखं जागं झालं, तेव्हा तिने त्याला बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसवलं आणि सासूबाईंना हाक मारून धुतलेले कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली. दुपटी, झबली, लंगोट. बाळ एक, पण दोरी गलबताएवढी भरायची.

ती परत आली. बाळ टीपॉयला धरून उभं होतं. टीपॉयवर एक ताटली. ताटलीत स्वच्छ घासलेले, कोरडे काळे वॉशर, एकाला एक टेकून.

"आई! हे काय केलंत?"

सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "काय म्हणजे? तेलकट वाट्या किती दिवस ठेवणार? सगळं लख्ख घासलं. ते तुझे वॉशरही घासले हो, साबणाने."

"आणि धागे?"

"धाग्यांचं लोणचं घालायचं होतं का? टाकले."

सूनबाईचा चार दिवसांचा अभ्यास केराच्या टोपलीत गेला होता. पण तिला रडायलाही वेळ मिळाला नाही. कारण तिने मोजलं.

एक, दोन, तीन, चार, पाच.

पुन्हा मोजलं. पाचच! टीपॉयखाली बघितलं, सतरंजी झटकली, बाळाच्या मुठी उघडल्या. एक वॉशर उचलून डोळ्यांजवळ नेला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. वॉशरच्या एका बाजूला दोन खोल खुणा होत्या. शेजारी शेजारी. दातांच्या! दुसरा उचलला, दोन खुणा. तिसरा, दोन खुणा. पाचही वॉशरांवर, एकाच बाजूला, दोन दोन!

गेल्या महिन्यात बाळाला खालचे दोन दात आले होते. वरचे अजून यायचे होते.

बाळाने आईकडे बघितलं, गोड हसलं आणि तोंड मिटून काहीतरी चघळल्यासारखं केलं.

"आई! त्याने सहावा गिळला!"

मग बाळाला उलटं धरावं की सुलटं यावर दोघींचं भांडण झालं. तोंडात बोट घालून बघितलं. बाळाने बोट चावलं. तेवढ्यात सूनबाईने दुसऱ्या हाताने नवऱ्याला फोन लावला.

"ऐक, बाळाने वॉशर गिळलाय!"

पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग नवऱ्याचा कापरा आवाज, "कुठला?"

"कुठला म्हणजे?"

"कुठल्या मटेरियलचा? ईपीडीएम असेल तर घाबरू नकोस. तूच म्हणालीस ना, तो उकळत्या पाण्यातही वर्षानुवर्षं टिकतो?"

"अरे, पोटात वर्षानुवर्षं टिकला तर काय करू?"

"निघालो!" नवरा म्हणाला.

सासरेबुवा जेवणानंतर दाढीला गेले होते. सासूबाईंनी केशकर्तनालयात फोन केला, "त्यांना म्हणावं असाल तसे दवाखान्यात या!" आणि दोघी बाळाला घेऊन रिक्षात बसल्या. सूनबाईच्या एका हातात बाळ, दुसऱ्या हातात वही आणि पाच वॉशरांची ताटली. वाटेत खड्डा आला की ती आधी बाळाला आणि मग ताटलीला सावरत होती.

दवाखान्यातल्या बाईंना सूनबाई नवीन नव्हती. नऊ महिन्यांत एकवीस खेपा झाल्या होत्या. शिंक लागोपाठ तीनदा आली म्हणून, आलीच नाही म्हणून, बाळ डावीकडेच का बघतं म्हणून.

"या," बालरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "आज डावीकडे की उजवीकडे?"

"डॉक्टर, वॉशर गिळला! पाच इथे आहेत, सहावा आत आहे!"

डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्यांनी बाळाला टेबलावर घेतलं, छाती ऐकली, घसा बघितला, पोट दाबलं. बाळाने त्यांचा स्टेथोस्कोप पकडून तोंडात घातला.

"श्वास स्वच्छ आहे. घशात काही दिसत नाही. केव्हा झालं? कशाचा होता वॉशर?"

"तेच तर कळत नाही! धागे टाकले ना आईंनी! सगळी नोंद यात आहे बघा." सूनबाईने वही त्यांच्या हातात कोंबली.

घाईत वही कुठल्या बाजूने उघडली, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. डॉक्टरीणबाई वाचू लागल्या आणि त्यांचा चष्मा हळूहळू नाकाच्या टोकावर आला.

"पहिला दिवस. अर्धा तास कढत पाण्यात ठेवला. किंचित फुगला." त्यांनी मान वर केली. "दुसरा दिवस. साबणाच्या पाण्यात रात्रभर. वास येत नाही. तिसरा दिवस, मशीनच्या तेलात..." त्यांनी बाळाला झटकन उचलून स्वतःच्या कडेवर घेतलं. "अहो, तुम्ही याला..."

"वॉशरला, डॉक्टर! वॉशरला! बाळ पुढच्या पानांवर आहे!"

डॉक्टरीणबाईंनी दीर्घ श्वास सोडला आणि तक्ता पुन्हा वाचला. या वेळी जरा रस घेऊन. "बरंच काम केलंय तुम्ही. आमच्याही बेसिनचा नळ गळतो. काय लावावं म्हणता?"

"डॉक्टर!" सासूबाई ओरडल्या.

"हो, हो. आणा बघू ते उरलेले इकडे."

त्यांनी एक वॉशर दिव्याखाली धरला. कोटाच्या बटणाएवढा. दातांच्या खुणा बघितल्या. मग बाळाचा खालचा ओठ अलगद खाली केला. तांदळाच्या कण्यांएवढे दोन दात चमकले. पुन्हा वॉशर. पुन्हा दात.

"हे दात याचे नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"या खुणा केवढ्या रुंद आहेत बघा. याचे दोन्ही दात मिळून यातल्या एका खुणेत मावतील. आणि एवढा जोर या बाळाच्या जबड्यात आला असता, तर तुमचं बोट राहिलं नसतं. हे कुणीतरी मोठ्या माणसाने चावलंय."

"मोठ्या माणसाला दोनच दात कसे असतील?" सूनबाईने विचारलं.

आणि त्याच क्षणी दार धाडकन उघडलं. दारात सासरेबुवा! गळ्याला न्हाव्याचं फडकं, अर्धा चेहरा गुळगुळीत, अर्ध्यावर फेस. त्यांच्या मागे धापा टाकत नवरा, एक बूट पायात आणि एक हातात.

"काय झालं माझ्या वाघाला?" सासरेबुवांनी आ वासून विचारलं.

त्या उघड्या तोंडात, खालच्या बाजूला, अगदी पुढे, शेजारी शेजारी त्यांचे स्वतःचे असे दोनच दात होते. बाकी सगळी मंडळी कवळीत, आणि कवळी घरच्या कपाटात. ती फक्त फोटो काढायचा असला की बाहेर यायची.

डॉक्टरीणबाईंनी वॉशरकडे बघितलं. सासूबाईंनी आपल्या नवऱ्याकडे बघितलं. सूनबाईने सासऱ्यांकडे बघितलं. सासरेबुवांनी ताटलीकडे बघितलं आणि तोंड घट्ट मिटून घेतलं.

"आजोबा," डॉक्टरीणबाई गोड आवाजात म्हणाल्या, "जरा आ करा बघू."

सासरेबुवांनी मान हलवली. लहान मुलासारखी, दोन्हीकडे.

"अहो, आ करा!" सासूबाईंनी असा आवाज काढला की डॉक्टरीणबाईंच्या कडेवरच्या बाळानेसुद्धा तोंड उघडलं.

वॉशर त्या दोन दातांवर बसला तो असा, की कुलपात किल्ली! फेसाने माखलेला अर्धा गाल लाल झाला.

"आम्ही कारखान्यात असंच ओळखायचो," सासरेबुवा पुटपुटले. "चावायचं. दाताला कळतं. कच्चं रबर भुसभुशीत लागतं, जुनं कडक लागतं, आणि चांगलं असतं ते दात आत घेतं नि परत पाठवतं."

"बाबा, सगळे चावलेत?"

"सहाच्या सहा."

"आणि सहावा?" सूनबाईचा आवाज फुटला. "सहावा कुठे आहे?"

"कुठे म्हणजे? नळात! पोर जागं झालं तसा बसवला आणि मग दाढीला गेलो."

एकदम सगळे बोलायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "मला सांगता येत नव्हतं?" नवरा म्हणाला, "मी मीटिंगमधून उठून आलो, एका बुटावर!" सूनबाईने बाळाला छातीशी धरलं आणि त्याच्या टाळूवर तोंड टेकवून भरपूर रडून घेतलं. बाळाने तिची बट धरून ओढली. डॉक्टरीणबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला आणि मागे बेसिनचा नळ टपकत राहिला.

"पण तुम्ही तर हात लावणार नव्हता, बाबा," शेवटी नाक पुसत ती म्हणाली.

सासरेबुवांनी गळ्याचं फडकं काढून त्याची घडी घालायला घेतली. चौकोनी, मग आणखी चौकोनी.

"हात लावला नाही. चमच्याने उचलले." मग घडी दाबत, "चार दिवस बघतोय. पोर झोपत नाही, म्हणून तू झोपत नाहीस. सकाळी उभ्या उभ्या डोळे मिटत होतीस, चहा कपाबाहेर ओतत होतीस. म्हटलं, निकाल लागेल तेव्हा लागेल, आज दुपारपुरता तरी नळ बंद करावा. आधी माझ्याच डब्यातले चावून बघितले. तुझ्या मालापुढे एकही टिकला नाही." त्यांनी घाईघाईने इकडेतिकडे बघितलं. "हे बाहेर कुणाला बोलायचं नाही!"

घरी आले तेव्हा दारातच सगळे थबकले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग कळलं, आवाज नव्हता. न्हाणीघरात नळ कोरडा ठणठणीत, समाधी लावून बसला होता. बाळ रिक्षातच आईच्या खांद्यावर झोपलं होतं. त्याला पाळण्यात ठेवलं. अकरा थेंबांचा वेळ गेला. बावीस थेंबांचा गेला. पापणीसुद्धा हलली नाही.

सूनबाई पावलं न वाजवता बाहेर आली आणि वही उघडली. या वेळी बरोबर बाजूने.

"बाबा," तिने कुजबुजत विचारलं, "तुम्ही बसवलात तो कुठल्या धाग्याचा होता?"

"धागा कापला मी. धाग्यासकट बसवू?"

"पण रंग? लाल होता, पांढरा होता?"

"मी कुठे रंग बघितला? दाताला रंग कळतो का?"

"मग उघडून बघू या ना एकदा. माझ्या लक्षात येईल कदाचित, जाडीवरून..."

"खबरदार!" सासू, सासरे आणि नवरा तिघे एकदम, कुजबुजत ओरडले.

सूनबाईने पाळण्याकडे बघितलं, पान्याकडे बघितलं आणि वहीकडे वळली. चार दिवसांच्या आत नळ गप्प बसला होता, तेव्हा डिग्री रद्दीत जायची वाचली. पण 'योग्य मटेरियल' या शब्दांपुढची जागा अजून कोरीच होती. पेनाचं टोक तिने बराच वेळ चावलं. मग लिहिलं, 'बाबांनी चावलेलं', आणि त्याच खोलीत सतरंजीवर आडवी झाली. तिला झोप लागली ती इतकी गाढ, की बाळ उठलं तेही तिला सासूबाईंनी सांगितलं. दोन तास वीस मिनिटं! वहीत ती नोंद सासऱ्यांच्या अक्षरात आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला.

"बाळ कसं आहे? छान. बरं, ते आमच्या बेसिनच्या नळाचं काय? तुमच्या त्या तक्त्यावरून काय ठरलं? कुठलं मटेरियल आणू?"

सूनबाईने वहीतलं शेवटचं वाक्य वाचलं. मग समोर बघितलं. आजोबा आणि नातू मांडीला मांडी लावून बसले होते आणि एकाच वाटीतलं मऊ केळं आपापल्या दोन दातांनी संपवत होते.

"डॉक्टर, तुम्ही असं करा, दुकानातून सगळ्या प्रकारचे एकेक आणून ठेवा. तपासणीला मी बाबांना पाठवते." आणि मग, एकवीस खेपांची सवय असल्यामुळे, तिच्या तोंडून आपोआप गेलं, "उपाशीपोटी पाठवू, की जेवून?"